सावर उभी राहिली तो शिमगा

मानपाड्याच्या कारखान्यांचा वास जिथं संपतो आणि करवंदीच्या फुलांचा वास जिथं सुरू होतो, त्या सांध्यावर भोकरटेप गाव आहे. गाव म्हणायचं ते सवयीनं. तीन बाजूंनी टॉवर उभे राहिलेत आणि त्यांच्या सावल्या दुपारनंतर गावातल्या कौलांवरून सरकत जातात. चौथ्या बाजूला मात्र डोंगर आहे. साग, ऐन, खैर, पळस, मधूनच एखादा उंबर, आणि पायथ्याला गावकऱ्यांचे वरकस तुकडे. वरकस म्हणजे जिथं भात पिकत नाही, गवत आणि लाकूड मिळतं ती जमीन. त्यातला एक तुकडा रखमाबाई गायकरचा. त्या तुकड्याच्या वरच्या कोपऱ्यात एक सावर आहे, अंगभर काट्यांची, देवळापुढच्या दीपमाळेसारखी सरळ.

गावातली पोरं सांगतात, की ही गोष्ट त्या सावरीची. सांगोत बापडी. सावर काय, ती उभीच होती. उभं राहावं लागलं ते रखमाबाईला.

रखमाबाई साठीच्या अलीकडची. काटक, सावळी, लुगडं गुडघ्याशी खोचून चालणारी. नवरा दगडू मानपाड्याच्या एका कारखान्यात होता. तो गेला तेव्हा आळीतल्या बायका भोवती बसून म्हणाल्या, "रखमे, आता घर धर. देवाचा नाव घे. नातवंडांची वाट बघ." तिनं काही दिवस घर धरलं. पण घराला धरण्यासारखं काय असतं? भिंत असते, उंबरा असतो. एक दिवस तिनं उंबरा ओलांडला आणि पळसाची पानं आणायच्या निमित्तानं वरकसाकडे गेली. दुसऱ्या दिवशी पुन्हा गेली. तिसऱ्या दिवशी निमित्त सांगायचंही सोडून दिलं.

ते फाल्गुनाचे दिवस होते. सावरीची सगळी पानं झडलेली आणि नागड्या फांद्यांवर तांबडी फुलं, तळहाताएवढी, मधानं भरलेली. खाली गवतात एक बाई उभी होती. पँट, टोपी, डोळ्यांना काहीतरी लावलेलं आणि तोंड सावरीकडे. भोकरटेपात डोळ्यांना काच लावून उभा राहणारा माणूस एकाच कामासाठी येतो.

"ए बाय! जमीन मोजतंस काय? कोना बिल्डरची तू?"

ती बाई दचकून वळली. रसिका तिचं नाव. डोंबिवलीला शाळेत शिकवते, रविवारी उजाडता उजाडता डोंगरात येते. "नाही हो मावशी. पक्षी बघतेय."

"पाखरा बगाला? देवानं डोले नाय दिले तुना?"

रसिका हसली आणि गळ्यातली दुर्बीण काढून तिच्या हातात ठेवली. "मग आज माझे वापरून बघा."

रखमाबाईनं दुर्बीण आधी उलटी धरली, मग सुलटी. फुलाशी एक काळा ठिपका लोंबकळत होता. रोज असायचा. अंगठ्याएवढं पाखरू, काळं, असं तिला आयुष्यभर माहीत होतं. काचेतून ते काळं नव्हतंच. जांभळं होतं, निळं होतं, मान वळवली की हिरवं होत होतं, जसा लग्नातला शालू दिव्याखाली रंग बदलतो तसं. रखमाबाई पाखरू उडेपर्यंत बघत राहिली. मग दुर्बीण खाली घेऊन म्हणाली, "ह्यो रोज येतं. पन मना कवा दावला नाय त्यानं."

त्या दिवाळीला तिचा भाऊ राघो दिवा गावाहून भाऊबीजेला आला. ओवाळून झाल्यावर त्यानं पिशवीत हात घातला तसं तिनं सांगितलं, "साडी असेल तर परत ने. मना दुर्बीन आन."

"दुर्बीन? तुना काय बंदरान जहाजा मोजायची हायेत?"

"मना पाखरा बगायची हायेत. तू देतंस का नाय, ता बोल."

राघोनं कपाळावर हात मारला, पण बहिणीपुढे त्याचं कधी चाललं नव्हतं. तुळशीच्या लग्नाआधी दुर्बीण आली. मग रोज सकाळी लुगडं खोचलेली, कानात बुगड्या आणि गळ्यात मंगळसूत्राच्या जागी काळ्या पट्ट्याची दुर्बीण, अशी रखमाबाई आळीतून डोंगराकडे जायची आणि नळावरच्या बायका घागरी खाली ठेवून बघत राहायच्या. तिचं नाव पडलं दुर्बीणबाय. कुणी म्हणायचं, "दुर्बीणबाय, आमचा नवरा कुठं बसलाय ता दिसतंय काय गो?" ती न थांबता म्हणायची, "दिसतंय. पन कोनासंगती, ता नाय सांगायची."

रविवारी रसिका भेटायची आणि पाखरांची नावं सांगायची. सगळीच रखमाबाईला पटायची नाहीत. भर उन्हात टुक-टुक करणाऱ्या हिरव्या पाखराला ती लहानपणापासून लोहार म्हणायची. रसिका म्हणाली, तांबट. "तांबट काय नि लोहार काय," रखमाबाई म्हणाली, "ठोकनारच ना?" पण हळद्या, कोतवाल, हरियल, पळसमैना ही नावं तिनं सुपारीसारखी गालात धरली आणि चघळली. चुकायचीही पुष्कळ. चुकली की हसायची. वसंतात सावर फुलली की सगळं आकाश त्या एका झाडावर उतरायचं आणि ती खाली गवतात दगडावर बसून वर बघत राहायची. मान दुखायची. दुखू दे म्हणायची.

आता शिमग्याचं सांगायला हवं.

भोकरटेपाची होळी साधी नसते. मधोमध एक उंच झाड उभं करतात. ते अख्खं, खांद्यावरून, बेंजोच्या तालावर नाचवत आणलेलं. खालचा पाडाही तशीच होळी उभी करतो आणि कुणाची उंच यावरून दोन्ही गावांत वर्षभर टोमणे चालतात. झाड द्यायचा मान दरवर्षी एका घराचा. पाळी फिरत येते. ज्या घराचा मान, त्या घरच्या जमिनीतलं झाड आणि त्या घरच्या माणसाचा पहिला घाव. पहिला घाव बसेपर्यंत दुसऱ्या कुणी झाडाला बोट लावायचं नाही.

दगडू जिवंत असेपर्यंत गायकरांच्या या घराला पाळी लाभलीच नव्हती. एकदा आली तेव्हा घरात सुतक होतं. त्याच्या मनात ते राहून गेलं होतं, आणि ते रखमाबाईला माहीत होतं.

पाळी पुन्हा आली त्या वर्षी माघात गावात एक हळद होती. आगऱ्यांची हळद म्हणजे अख्खं गाव मांडवात. बायकांनी पुन्हा दुर्बीणबाय, दुर्बीणबाय सुरू केलं आणि रखमाबाईला चेव चढला. "हसतांव काय? माजी सावर एकदा बगा येऊन! एवरी सरल, एवरी उंच, आख्ख्या डोंगरान तशी नाय. रानातला पाखरू न् पाखरू तिच्यावर येतंय!" तिला पाखरांबद्दल सांगायचं होतं. पण पलीकडे दिराचा पोरगा ऋतुराज बसला होता. होळी मंडळाचा तोच पुढारी. त्याच्या कानात एवढंच शिरलं, की सरळ आणि उंच.

चार दिवसांनी ऋतुराज, गावकीचा म्हातारा चांगदेव पाटील आणि मंडळाची पोरं वरकसात आली. सावर बघून त्यांनी शिट्टी मारली. "काकी," ऋतुराज म्हणाला, "ह्या वर्षी मान तुमचाय. ही उभी केली ना, खालच्या पाड्याची बोलतीच बंद. दगडूकाकाचं नाव निघेल, काय!"

दगडूचं नाव आलं आणि रखमाबाईचं ऊर भरलं. चांगदेवनं नारळ पुढे केला. तिनं तो सावरीखाली, सगळ्यांसमोर, दोन्ही हातांनी घेतला. नारळ घेतला म्हणजे शब्द दिला. घरी येईपर्यंत ती ताठ चालली. रात्री मात्र तिला वाटलं, की पुढल्या वर्षी आपण कुठं बसायचं? पण झाडं काय, आणखी आहेत, असं म्हणून तिनं कूस बदलली.

आणि मग ती दोघं आली.

राखाडी रंगाची, घारीएवढी, लांब शेपटीची, बाकदार चोचीवर आणखी एक शिंगासारखी चोच बसवलेली. सावरीच्या बुंध्यात वर, जिथं जुनी फांदी मोडून ढोली झाली होती, तिथं ती चिकटून बसायची, आत डोकवायची, पुन्हा बाहेर यायची. घर बघायला आलेलं जोडपं कसं नळ उघडून बघतं, भिंतीवर टकटक करतं, तशी. मग एका सकाळी मादी आत गेली आणि बाहेर आलीच नाही. नर चिखल आणून द्यायचा आणि ती आतून ढोलीचं तोंड लिंपत होती. चार-पाच दिवसांत नुसती एक फट राहिली. फटीतून चोचीचं टोक दिसायचं. नर उंबराची फळं आणून त्या टोकात एकेक ठेवायचा.

रविवारी रसिकानं पाहिलं आणि तिचे डोळेच पाणावले. "धनेश आहेत मावशी. ती आत अंडी घालते. आतमध्ये तिची पिसं झडतात, उडता येत नाही. पिल्लं थोडी मोठी झाली की स्वतःच भिंत फोडून बाहेर येते."

"आनि तवर झार परला तर?"

रसिकानं नुसतं फटीकडे बोट केलं.

रखमाबाई त्या दिवशी उशिरा घरी आली. सून सोनल ओटीवर बसली होती. कल्याणची पोरगी, शिकलेली, सातवा महिना. आळीतल्या बायकांनी तिला इतके नेम घालून दिले होते, की इथं जाऊ नको, तिथं बसू नको, तिन्हीसांजेला बाहेर पडू नको, की बिचारी वैतागून गेली होती. रखमाबाईनं तिला सगळं सांगितलं. सोनल पोटावर हात ठेवून म्हणाली, "म्हणजे माझ्यासारखीच की. कोंडलेली."

"तुना लोकांनी कोंडलाय," रखमाबाई म्हणाली. "ती आपल्या मर्जीनं बसली हाय. फोडनार पन तीच."

होळीच्या आधी दोन दिवस गावकी देवळात बसली, तेव्हा बायकांच्या बाजूनं रखमाबाई उठली. अशा बैठकीत बाई उठत नाही. ती उठली.

"सावर तोरायची नाय."

चांगदेवनं तंबाखू मळता मळता हात थांबवला. "रखमे, गावासमोर नारल घेतलास ना?"

"घेतला."

"मंग?"

"मंग काय? होलीला झार देन, ह्यो सबूद दिला. झार देतंय. दुसरा देतंय. सावरीन पाखरू अंड्यांव बसलाय."

हशा पिकला. मागून कुणीतरी अंड्यावर बसलेल्या कोंबडीचा आवाज काढला. ऋतुराज उठला, "काकी, सीन नको ना करू यार. पोरांनी स्टेटस टाकलेत. खालच्या पाड्याला माहीत झालंय. आता माघार म्हणजे पूर्ण गावाचा पचका. एका कावळ्यासाठी?"

"कावला नाय त्यो. धनेश."

"जो काय असेल तो."

चांगदेव चिडला नाही, हेच वाईट. तो शांतपणे म्हणाला, "तूच हलदीन सांगितलास, माजी सावर मोठी. तूच तिच्याखाली नारल घेतलास. आधी आमी मागाला आलो नवतो."

ते खरं होतं. रखमाबाईच्या तोंडावर ते चपराकीसारखं बसलं. पण ती खाली बसली नाही. "चूक माजी हाय. चुकीचा दंड मना लावा. झाराला कनाला?"

"दंड कसला? मान काढून घेऊ. परत तुज्या उंबऱ्याला पाली नाय."

घरी सुदेशनं जेवणाचं ताट सरकवलं. सुदेश तिचा एकुलता एक मुलगा, गोदामात सुपरवायझर, शब्दाला मऊ. पण त्या दिवशी त्याचा आवाज चढला. "आये, उद्या बारसं करायचंय घरात. कोण येणार? मला गावात राहायचंय. बाबांना एवढी हौस होती, आणि तू..." तो ताटावरून उठला. "मी मारणार पहिला घाव. बस."

दुसऱ्या दिवशी रसिकाचा फोन आला. म्हणाली, "मावशी, मी वनखात्याकडे तक्रार करते. फोटो टाकते. पेपरवाले येतील."

"नको," रखमाबाई म्हणाली.

"अहो पण..."

"बाय, तुजी माया कलते मना. पन उद्या पोलीस आलं तर गाव बोलल, बाहेरची आनलीन. झार माजा, गाव माजा, भांडान पन माजाच. तू रविवारी ये. बगाला."

फोन ठेवला तेव्हा काय करायचं हे तिलाही माहीत नव्हतं.

होळीची सकाळ उजाडली. सुदेश ओटीवर कुऱ्हाडीला धार लावत होता आणि आळीत बेंजो वाजू लागला होता. सोनल आतून आली, हातात फोन. "ऐका ना. आई कल्याणहून ओरडतेय माझ्यावर. म्हणते, जावयाला झाड तोडायला पाठवू नकोस. बायको गरोदर असताना नवऱ्यानं हिरव्या झाडावर कुऱ्हाड चालवायची नसते म्हणे. मला काय माहीत नव्हतं."

"कसली जुनी थेरं," सुदेश म्हणाला आणि कुऱ्हाड खांद्यावर टाकून निघाला.

रखमाबाई चुलीपाशी उभी होती. तिला एकदम आठवलं. असा नेम होता, तिच्या सासूनं पाळलेला, तिनं पाळलेला. दुर्बिणीच्या आणि भांडणाच्या धामधुमीत तो तिच्याच डोक्यातून निघून गेला होता, आणि आणून दिला कुणी, तर कल्याणच्या विहीणबाईनं! ती एकटीच हसली. मग पूजेचं ताट घेतलं, दुर्बीण गळ्यात अडकवली आणि चालू लागली.

सावरीखाली निम्मं गाव जमलं होतं. दोर गवतात टाकले होते. वर फुलांत पाखरं होती. बेंजोच्या आवाजानं उडायची, पुन्हा बसायची. ढोलीची फट बंद दारासारखी गप्प होती. रखमाबाईनं झाडाला हळद-कुंकू लावलं, कारण तो तिच्या घराचा हक्क होता. ती बाजूला झाली. सुदेश पुढे आला. त्यानं आईकडे बघितलं नाही. कुऱ्हाड उचलली.

"सुदेश," ती म्हणाली. मोठ्यानं नाही. "सोनलला सातवा चालू हाय."

कुऱ्हाड वरच राहिली.

"भावजी," ती चांगदेवकडे वळली, "तुमचा बाबुराव पोटान होता, तवा तुमच्या गोठ्याचं मेढं कोनी तोरलं? तुमी का माज्या दगडूनं?"

चांगदेव खाकरला. जुनी माणसं एकमेकांकडे बघू लागली. सगळ्यांना आठवलं. गोठ्याचे ते खांब दगडूनंच तोडले होते, आणि का, तेही.

"आजी लोकांचं काय घेऊन बसलाय?" मागून एक पोरगा ओरडला. पण सुदेशचा हात खाली आला होता. त्याचा नेमांवर विश्वास होता असं नाही. पण होणाऱ्या बापाला कुणी पैजेवर सुद्धा असलं काही करायला लावू शकत नाही.

"ठीक," ऋतुराज पुढे झाला. "मी मारतो. गायकरच आहे मी पण."

"तुजा उंबरा वायला. वाटन्या झाल्या तवा तुज्या बापानंच मधी भिंत घातली. मान माज्या उंबऱ्याचा हाय."

"मग घरात दुसरा बाप्या कोण आहे? तू मारणार काय काकी?"

पुरुष हसले. चांगलेच हसले. हसून होईपर्यंत ती थांबली.

"आन."

"काय?"

"कुऱ्हार आन. नेम सांगतो, घरच्या मानसाचा घाव. मी मानूस नाय? भावजी, बाईनं मारू नये असा कोन बोललाय, कवा बोललाय, सांगा मना."

चांगदेव पाटलानं विचार केला. तसं कुणी कधी म्हटलंच नव्हतं. म्हणायची वेळच आली नव्हती. सुदेशनं कुऱ्हाड आईच्या हातात दिली. का दिली, ते त्याला पुढे पुष्कळ जणांनी विचारलं. तो म्हणायचा, तिनं हात पुढे केला म्हणून दिली.

विधवा बाई, गळ्यात दुर्बीण, हातात कुऱ्हाड. बेंजोवाला वाजवायचा थांबला. रखमाबाईनं एकदा वर बघितलं, फुलांकडे, फटीकडे. सगळ्यांना वाटलं, आता मारते. ती वळली आणि पायवाटेनं खाली चालू लागली.

"आगं कुठं?"

"झार द्यायचा हाय ना? चला मंग!"

आणि काय करणार? मान तिचा, कुऱ्हाड तिच्या हातात. अख्खी होळी, दोर, बेंजो आणि पोरांसकट, तिच्या मागून करवंदीतून खाली उतरली. ती थेट आपल्या अंगणात गेली. विहिरीजवळ एक पोफळ होती, घराच्या कौलांच्या कितीतरी वर गेलेली. सुदेश जन्मला त्या पावसात दगडूनं लावलेली. घरातल्या प्रत्येक पूजेची सुपारी तिचीच, दगडूच्या दहाव्याला देखील. आळीतल्या सगळ्या बायकांना ते ठाऊक होतं. म्हणून अंगणात शिरताच त्या मागे सरकल्या.

रखमाबाईनं पोफळीला हळद-कुंकू लावलं. तळवा खोडावर टेकवून ती थोडा वेळ उभी राहिली. काय म्हणाली ते कुणाला ऐकू आलं नाही, आणि ज्याला ऐकवायचं तो ऐकायला नव्हता. मग तिनं लुगड्याचा पदर कमरेत आवळला आणि घाव घातला. पोफळीचं लाकूड चिवट. कुऱ्हाड खणकन वाजली आणि हाताला झिणझिण्या आल्या. पण खाच पडली, पांढरी, स्वच्छ.

"ऋतुराज," कुऱ्हाड पुढे करत ती म्हणाली, "आता मार, कवरा जोर हाय ता."

पोफळ पडली तेव्हा सोनल ओटीवर रडत होती. रखमाबाई रडली नाही. ती विहिरीवर जाऊन पाणी प्यायली.

दिवेलागणीला होळीच्या माळावर ती पोफळ उभी राहिली. खालच्या पाड्याची होळी लांबून दिसत होती, गलेलठ्ठ, उंच. तिकडून मोटारसायकलवर दोन पोरं आली, पोफळीला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि म्हणाली, "होळी आहे की अगरबत्ती?" आणि पळाली. भोकरटेपाच्या पोरांच्या जिवाला ते लागलं. होळी पेटली, नैवेद्य झाले आणि बोंबा सुरू झाल्या. आधी एकदोन नावं उगीच घेतली. मग कुणीतरी आवाज चढवला:

"दुर्बीणबायच्या नावानं..."

"बोंब!" पोरांनी पालथ्या हातांनी तोंडं बडवली. पुन्हा दुर्बीणबाय. पुन्हा बोंब. त्यात आता गंमत राहिली नव्हती. सुदेश मान खाली घालून उभा होता. बायकांनी रखमाबाईला मागे ओढलं, "चल गो घरी, चल."

तिनं हात सोडवून घेतला. बायकांमधून पुढे, पुरुषांमधून पुढे, ज्वाळांच्या उजेडात ती आली. पालथा हात तोंडावर नेला.

"दुर्बीनबायच्या नावानं..." ती ओरडली, आणि त्यामागून तिनं स्वतःच जी बोंब ठोकली ती लांबत गेली, डोंगराला लागली आणि परत आली. भोकरटेपात बाईची बोंब कुणी ऐकली नव्हती. पोरांचे हात तोंडाशी तसेच राहिले.

"चांगदेव पाटलाच्या नावानं...!" तिनं श्वास घेतला आणि पुन्हा ठोकली. "ऋतुराजच्या नावानं...! स्टेटसच्या नावानं...!"

मागे बायकांत एक खुसखुस फुटली, आणि मग सोनल, सातव्या महिन्याची, तिन्हीसांजेला बाहेर पडू नये अशी सोनल, कुंपणापाशी उभी राहून बोंब मारताना दिसली. मग कोण थांबतंय! बायकांनी अख्खा माळ डोक्यावर घेतला. शिमग्याच्या बोंबेचा राग धरायचा नाही, हा नेम सगळ्यांत जुना. चांगदेव पाटील तंबाखू थुंकून म्हणाला, "दगडू सुटला बिचारा," आणि स्वतःच हसला.

धुळवडीच्या सकाळी रखमाबाई कपाळाला होळीची राख लावून आपल्या दगडावर जाऊन बसली. अंगणातली मोकळी जागा बघवत नव्हती, म्हणून जरा लवकरच निघाली होती. सावर फुललेली होती. फुलं टप टप गवतात पडत होती. थोड्या वेळानं पायवाटेवर गलका झाला. ऋतुराज आणि मंडळाची पोरं, डोक्यापासून पायापर्यंत रंगलेली, तिला रंगवायला आली होती. तिनं न बघताच हात वर केला.

"गप. खाली बसा. त्यो येतंय."

काय वाटलं कुणास ठाऊक, पोरं बसली. निळी, हिरवी, चंदेरी तोंडं गवतातून वर झाली. बराच वेळ काही झालं नाही. मग राखाडी पंखांचा आवाज करत तो आला, बुंध्याला चिकटला, आणि फटीतून चोचीचं टोक बाहेर आलं.

"आयला," कुणीतरी हळूच म्हणालं.

ऋतुराज तिच्याजवळ सरकला. "काकी, पुढच्या वर्षी मान दुसऱ्या घरी जाईल. तरी पण ही सावर सगळ्यांच्या डोळ्यात भरलीय. नेम मोडून मागतील."

"मागू दे." तिनं दुर्बिणीवरून डोळे काढले नाहीत. "पुढच्या वर्षी पन मी हायच."

त्यानं हात पुढे केला. "दे ना. जरा बघतो."

"आधी हात पूस. काचेला रंग लागला, तर परत बोंब मारीन तुज्या नावानं."